उलट्या घरातली पिवळी रेघ

सोमवार, ६ जानेवारी

दादा,

आणि बोल्ट जुनाच होता. तू मान नाहीतर मानू नकोस. भंगारातून वजनावर घेतलेले बोल्ट, त्यांचे आटे झिजलेले, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. दोन वर्षं झाली, तू तोंड उघडत नाहीस. फोन उचलत नाहीस. पाठवलेले पैसे नाकारल्याचा शिक्का घेऊन परत आले. पोस्टातल्या माणसाने ते हातात देताना असं बघितलं की जणू मी कुणाच्या घरात घुसायला गेलो होतो. नकारच द्यायचा तर स्वतःच्या अक्षरात द्यायचास. शिक्का काय, कुणीही मारतं.

पायाचं मला वाईट वाटतं. ते वेगळं. कप्पीसकट इंजिन सुटलं आणि तुझ्या डाव्या पावलावर आलं, ते बघायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. पण वाईट वाटणं वेगळं आणि दोष अंगावर घेणं वेगळं. तुझ्या वर्कशॉपच्या आढ्याला कप्पी मी लावली, तिच्या आठही नटांवर पिवळी रेघ होती, ती तू पण बघितलीस. बाबांच्या हाताखाली आपण दोघं एकच शिकलो ना? आधी पाना, मग रेघ. नट आवळून झाला की नटावरून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाचा एक फराटा. नट जरा फिरला तरी रेघ तुटते, लांबून कळतं. रेघ ही आपली जबान, असं ते म्हणायचे. माझी रेघ होती. विषय संपला.

असो. भांडायला बसलो नव्हतो. पण कागदावर "दादा" लिहिलं की हात आपोआप तिकडे वळतो.

सांगायचं होतं ते नोकरीचं. हसू नकोस. मी एका उलट्या घरात कामाला आहे. खरोखरचं घर, पण डोक्यावर उभं. आत शिरलं की पायाखाली छत, त्यातून पंखा आणि दिवा वर आलेले, अडखळलास तर पंख्यावर पडशील. आणि डोक्यावर जमीन. तिथे सोफा, जेवायचं टेबल, ताटं, फ्रिज, आणि निजायच्या खोलीत लोखंडी पलंग, गादी-उशीसकट. लोक तिकीट काढून येतात, हात वर करून पलंगाला टेकवतात, फोटो काढतात. मग फोटो उलटा केला की माणूस पलंगावर हातावर उभा राहिलेला दिसतो. ह्यासाठी रांग लागते, दादा. भर उन्हात रांग. आशियातल्या मोठमोठ्या शहरांत बघायच्या विचित्र जागा, अशी एक यादी इंटरनेटवर आहे, तिच्यात आमच्या शहराच्या दहा जागा आहेत आणि आम्ही सहावे. ती यादी साहेबांनी, म्हणजे मालकांनी, मोठी छापून तिकिटाच्या खिडकीला चिकटवली आहे.

वर जेवढं लटकलंय ते सगळं माझ्या जिवावर. दोनशे बारा नट. देखभालीचा मुख्य म्हण मला. हाताखाली तीन माणसं आहेत. दर सोमवारी दुपारपर्यंत घर बंद असतं तेव्हा मी शिडीवर चढून एकेक नट तपासतो आणि रजिस्टरात सही करतो. प्रत्येकावर पिवळी रेघ मारली आहे. आपली.

बघ, भंगारातले नाहीत. नवे बोल्ट आहेत.

तुझा,
धाकटा

रविवार, २ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. मला वाटलंच होतं. वहिनीला सांग, निदान पत्र पोचल्याची खूण म्हणून रिकामं पाकीट तरी पाठव.

एक खोटं आधी काढून टाकतो, नाहीतर घशात अडकून राहील. हाताखाली तीन माणसं नाहीत. एक शिडी, एक पाना आणि मी, असे तीन. बाकी खिडकीवर एक बाई बसतात आणि एक जण फोटो काढून देतो. बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्यांनी माझं नाव "लोंबकळे" ठेवलं आहे. "लोंबकळे, खाली उतरा, चहा जमिनीवर मिळतो." तोंड फटकळ, पण डब्यातला अर्धा घास काढून ठेवतात.

मी खोलीत चार जणांबरोबर राहतो. खिडकी एक, आणि ती समोरच्या भिंतीला उघडते. म्हणून सुटी मिळाली की मी बाहेर पडतो. तुला माहीत आहे, मला एका जागी बसवत नाही. शाळेत बसवलं नाही, तुझ्या वर्कशॉपमध्ये बसवलं नाही. तर मी ठरवलं आहे, खिडकीवरच्या यादीतल्या दहाही जागा बघायच्या. तीन बघून झाल्या. एका ठिकाणी जुन्या, बंद पडलेल्या लिफ्ट नुसत्या उभ्या करून ठेवल्यात, आत जायचं, दार ओढायचं, कुठेही जायचं नाही आणि बाहेर यायचं. मावशी म्हणाल्या, "एवढंच करायचं तर माझ्या संसारात ये की." दुसऱ्या ठिकाणी रुळांवर बाजार भरतो. गाडीची शिटी झाली की सगळे आपापली छपरं घडी करतात, भाज्यांवरून गाडी जाते, आणि ती गेली की पुन्हा छपरं उघडतात. एकही टोमॅटो फुटत नाही. तिथे मी दोन तास उभा होतो. तू असतास तर म्हणाला असतास, ह्याला म्हणतात अंदाज.

आता कामाचं. साहेबांनी निजायच्या खोलीखाली एक मोटर बसवली. दहा-दहा मिनिटांनी खोली थरथरते, भूकंप आल्यासारखी. लोक किंचाळतात, हसतात, पुन्हा तिकीट काढतात. मोटर बसवली तेव्हा मी म्हटलं, साहेब, थरथरीने नट सैल होतात. ते म्हणाले, "म्हणून तर तुला ठेवलाय. यंत्र सैल करणार, तू आवळणार, दोघांनाही काम."

दुसरं म्हणजे रेघा. फोटोत पिवळे ठिपके येतात म्हणून फोटोवाल्याने तक्रार केली. साहेबांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणून दिला. म्हणाले, पुसून टाक. मी म्हटलं, साहेब, रेघेवरून तर कळतं. तर म्हणाले, "तुला हात नाहीत का? हाताने बघ. इथे लोक पैसे देऊन डोकं खाली करतात, तू फुकटात माझं फिरवू नकोस."

दोनशे बारा रेघा मी एका दिवसात पांढऱ्या केल्या. शेवटची पलंगाची.

आता खालून बघून काहीच कळत नाही. प्रत्येक नटाला पाना लावूनच बघावं लागतं. सोमवारची अख्खी सकाळ जाते. बाबा असते तर त्यांनी त्याच डब्याने मला रंगवला असता.

तुझा,
धाकटा

सोमवार, २४ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचं पत्र आलं. पाच ओळी. मी ती पन्नास वेळा वाचली. ती लिहिते, माझी पत्रं तू वाचतोस आणि गादीखाली ठेवतोस. डाव्या बुटाची उंच टाच झिजली म्हणून तू कुबडी पुन्हा काढली आहेस. आणि मग शेवटची ओळ: "ह्यांनी विचारलंय, पलंगाच्या नटाखाली किती आटे दिसतात?"

दोन वर्षांनी तुझं पहिलं वाक्य. कसा आहेस नाही, कुठे जेवतोस नाही. किती आटे दिसतात. मी जिन्यात बसून हसलो, आणि मग काय झालं ते लिहीत नाही.

तर ऐक. डोक्यावरच्या खऱ्या छतातून सोळा बोल्ट खाली आलेत, पलंगाच्या प्रत्येक पायाला चार. पायाची पट्टी, मग वायसरची चकती, मग नट, आणि नटाखाली चार आटे बाहेर. सगळ्यांना चार. तीनच्या खाली गेले तर काळजी करायची, तेही लक्षात आहे. दर सोमवारी बघतो. तू निश्चिंत राहा.

यादीतली पाचवी जागा आज बघितली. शहराच्या पोटात एक टाकं आहे. पुराचं पाणी घरांत शिरू नये म्हणून ते आधी तिथे सोडतात. कोरडं असलं की लोकांना दाखवतात, पण फक्त सोमवारी सकाळी, तीस-तीस जणांना. शंभरावर पायऱ्या उतरायच्या. खाली एवढी जागा की आपली अख्खी गल्ली मावेल, आणि हत्तीच्या पायासारखे खांब. बोललं की शब्द हिंडून परत येतो. वर बघितलं, एवढं मोठं छत, वरून रस्ते, बसगाड्या चाललेल्या, आणि कुठेही एक नट नाही. माझी मान दुखेपर्यंत मी बघत होतो. दाखवणारी बाई म्हणाली, "भीती वाटते का?" मी म्हटलं, नाही, हेवा वाटतो.

वहिनीला सांग, अक्षर सुधारलंय तिचं.

तुझा,
धाकटा

बुधवार, १२ मार्च

दादा,

हे पत्र तुला मिळेपर्यंत शनिवार होऊन गेलेला असेल. तरी लिहितोय. फोन तू उचलत नाहीस, काल अकरा वेळा लावला. खोलीतले चौघं झोपायचं सोडून माझ्याकडे बघत होते.

चार आटे म्हणून लिहिलं ते खोटं होतं. म्हणजे जानेवारीत खरं होतं. चोवीस तारखेला मी बघितलंच नव्हतं. तू तेव्हाच ओळखलं असशील. सोमवारी सकाळी मी टाक्यात होतो, मग पलंगाखाली कसा असेन? टाकं सोमवारीच उघडं, आणि नट तपासायचा दिवसही सोमवारच. त्याच्या आधीच्या सोमवारी मी तिकीट काढायला गेलो, ते संपलं होतं. मग म्हटलं एवढं आलोय तर शहर हिंडू. तीन तारखेला मी नुसता झोपलो. तिन्ही वेळा दुपारी येऊन रजिस्टरात लिहिलं, सर्व नट तपासले, आणि खाली सही. मनात म्हटलं, नवे बोल्ट आहेत, एक आठवडा काय होतंय. मग म्हटलं, दोन आठवडे काय होतंय.

परवा दहा तारखेला शिडी लावली. टेबल ठीक. सोफ्याचे दोन सैल, आवळले. मग पलंग. डोक्याकडच्या डाव्या पायाला पाना लावला आणि नट फिरला. फिरतच राहिला, कारण त्याच्याबरोबर बोल्टही फिरत होता. छतातली पकडच सुटली आहे, दादा. एका नटाखाली एकच आटा उरलाय. दोन नट तर मी पान्याशिवाय, बोटांनी हलवले. पायाची पट्टी आणि छत ह्यांच्यात फट आहे, तिच्यात माझं नख जातं. फेब्रुवारीत एकदा पाना मारला असता तर अर्ध्या फेऱ्यात काम झालं असतं. आता पलंग उतरवायला हवा, जुनी भोकं बुजवून नवी पाडायला हवीत. दोन दिवस घर बंद.

साहेबांना सांगितलं. त्यांनी रजिस्टर काढलं, तीन तारखेवर बोट ठेवलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"काय लिहिलंय?"

"सर्व नट तपासले."

"मग सात दिवसांत पकड सुटली? सोळा बोल्ट काय दुधाचे दात आहेत?"

खरं सांगितलं तर नोकरी जाणार. म्हणून म्हटलं, साहेब, निदान मोटर तरी बंद ठेवा. ते म्हणाले, शनिवारी शाळेची सहल आहे, साठ मुलं, आणि मुलांना भूकंपच हवाय. पलंगाखाली सगळ्यांना दाटीने बसवून एक मोठा फोटो काढायचा, तो नव्या जाहिरातीत जाणार. "शनिवार जाऊ दे, सोमवारी बघू." माझ्या हातातला पाना घेऊन त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला. म्हणाले, तू फार काळजी करतोस, चार दिवस विश्रांती घे.

खाली साठ मुलं, दादा. मांडी घालून.

मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जा आणि बोल."

मी म्हटलं, "बोललो तर जातो कामावरून."

"आणि नाही बोललास तर?"

त्यांनी खिडकी पुसायला घेतली. म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस. मी तिकिटं फाडते, पाप नाही."

निघून जावं असं वाटतंय. आत्ता पिशवी उचलावी, गाडीत बसावं आणि जिथे उतरेन तिथे उतरावं. मला ते जमतं, तुला ठाऊक आहे. एकदा केलंय.

तू काय केलं असतंस, हे मला माहीत आहे. म्हणूनच विचारायचं नव्हतं.

धाकटा

रविवार, १६ मार्च

दादा,

मी गेलो नाही. शनिवारी नऊ वाजता कामावर होतो. आधी हे लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको: कुणाला काही झालेलं नाही.

मुलं दोन बसगाड्यांतून आली. निळा गणवेश, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. आत शिरल्याबरोबर एवढा कालवा की मोटरची गरजच नव्हती. एक जण पंख्याला अडखळून पडला आणि त्याला इतका आनंद झाला की तो पुन्हा जाऊन पडला. शाळेच्या बाई एकच होत्या, चष्मा लावणाऱ्या, किरकोळ अंगाच्या. सारख्या डोकी मोजत होत्या.

स्वयंपाकघर झालं, बैठकीची खोली झाली. मी निजायच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. दोन्ही हात चौकटीला लावले.

साहेब हसत आले. "अरे, बाजूला हो, पाहुणे आलेत."

मी म्हटलं, "ही खोली बंद आहे."

"कुणी केली?"

"मी."

तरी ते हसतच होते. बाईंना म्हणाले, "आमचा देखभालवाला. फार काळजी करतो." आणि फोटोवाल्याला सांगून रजिस्टर मागवलं. बाईंच्या पुढे धरलं. "बघा, दर सोमवारी तपासणी, लेखी. ही ह्याचीच सही. विचारा त्याला." मग माझ्याकडे वळले. "काय रे, तुझीच ना?"

साठ मुलं गप्प झाली होती. मोठी माणसं भांडायला लागली की पोरांना कसं कळतं कोण जाणे.

दादा, मला तेव्हा ती खोली दिसत नव्हती. आपल्या वर्कशॉपची जमीन दिसत होती. तू तिच्यावर पडलेला, बूट रक्ताने काळा झालेला, आणि ओरडत नव्हतास, मला नुसतं विचारत होतास, "आवळले होतेस ना रे?" आणि मी म्हणालो होतो, "हो."

साहेबांनी पुन्हा विचारलं. "तुझीच ना सही?"

मी म्हटलं, "सही माझीच आहे. पण खोटी आहे. तीन सोमवार मी नटांना हात लावला नाही. एका सोमवारी मी जमिनीखालचं टाकं बघायला गेलो होतो."

मुलं खोखो हसली. एक जण मागून म्हणाला, "बाई, आपण पण टाकं बघू या!"

साहेब हसत नव्हते. त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला सारलं, खोलीत गेले, थेट पलंगाखाली जाऊन उभे राहिले. "हे बघा," म्हणाले, आणि दोन्ही हात वर करून पलंगाची कड धरली आणि हलवली. जोरात. मी ओरडलो. त्यांनी पुन्हा हलवली.

पलंग पडला नाही.

ऐकतोयस ना? पडला नाही. एका क्षणाला, तुला खरं सांगतो, माझ्या मनात आलं की पडावा. पडला असता तर मी खरा ठरलो असतो. खाली एक माणूस उभा आहे, आणि माझ्या मनात हे आलं. तुला सांगितल्याशिवाय मला हे झेपणार नाही.

साहेब म्हणाले, "झालं समाधान?" आणि बाहेर आले. त्यांच्या काळ्या कोटाच्या खांद्यांवर पांढरी पूड होती. सिमेंटची. छतातल्या भोकांतली. त्यांना दिसत नव्हती. बाईंना दिसली. त्यांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरची चिमूटभर पूड बोटांवर घेतली, चोळली, वर बघितलं. मग टाळी वाजवून म्हणाल्या, "दोन-दोनची रांग. सगळे बाहेर."

बाहेर जाताना तो पंख्यावर पडणारा मुलगा मला म्हणाला, "काका, तुम्ही किती खोटं बोलता हो." मी म्हटलं, "हो."

दुपारी साहेबांनी मला काढलं. ओरडले नाहीत. मोटर कुणी बसवायला लावली, रेघा कुणी पुसायला लावल्या, हा विषय मी काढला, तर रजिस्टर पुढे सरकवून म्हणाले, ह्यात माझी सही दाखव. दाखवता आली नाही. त्यांची नव्हतीच कुठे.

आज सकाळी बाहेरचे मिस्त्री येऊन पलंग उतरवून गेले. मावशींनी निरोप धाडला, सोबत अर्धा डबा. "लोंबकळ्या, सोळातले सहा हाताने निघाले. बाकीचे दहा कशाला धरून होते ते मिस्त्रींनाही कळेना." आणि त्या पलंगाच्या डाव्या पायाचा एक नट पाठवला, फडक्यात बांधून. मी नखाने वरचा पांढरा रंग खरवडला. खाली आपला पिवळा आहे.

आता ते दुसरं लिहितो. त्याच्यासाठीच बसलोय. तीनदा चहा करून आलो.

बोल्ट जुने नव्हते. म्हणजे जुने होते, पण त्यांनी काही केलं नाही. त्या दिवशी मी कप्पी लावायला शिडीवर चढलो तेव्हा रंगाचा डबा वर घेऊन गेलो आणि पाना खालीच विसरलो. उतरायचा कंटाळा आला. म्हटलं, डबा हातात आहेच तर रेघा आधी मारून घेऊ, मग पाना आणून एका दमात आवळू. आठ रेघा मारल्या. मग उतरलो, पाना घेतला, चढलो, सहा आवळले. तेवढ्यात रस्त्यावरून मित्राने हाक मारली, नवीन गाडी दाखवायला. पळालो. परत आलो तेव्हा वर बघितलं, आठही रेघा सरळ, अखंड. मला खरंच वाटलं की झालंय. माझ्याच रेघेने मला फसवलं, दादा, आणि मग तू खाली उभा राहिलास, कारण तूही वर बघितलंस आणि रेघा दिसल्या.

तू पडल्यावर मला लगेच आठवलं. लगेच. "हो" म्हणायच्या आधीच आठवलं होतं.

तुझ्या पायावर इंजिन पडलं ते माझ्यामुळे. तू बोल्ट वाईट आणलेस हे मी गल्लीत सगळ्यांना सांगत फिरलो, तुझी दोन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली, तेही माझंच. तू एकदाही कुणाला म्हणाला नाहीस की ह्याने आवळले नव्हते. फक्त मला म्हणालास, घरात, दार लावून. आणि मी ते दार उघडून निघून गेलो.

ये म्हण असं मी लिहीत नाही. तू तरी लगेच काही लिहू नकोस. बाजाराच्या पलीकडे एक जण शटरं बसवतो, उद्या त्याच्याकडे जातोय. त्याला आधीच सांगणार आहे, माझी सही घेऊ नका, माझ्यामागे येऊन नट बघा. आमचं घर धरून सहा झाल्या, यादीतल्या चार जागा राहिल्यात. त्या तशाच राहू देत.

नट ह्याच पाकिटात आहे. खिळ्यांच्या डब्यात टाकू नकोस, निराळा ठेव.

साहेबांनी साठ मुलांच्या तिकिटांचे पैसे माझ्या पगारातून कापले. राहिले त्यातून खोलीचं भाडं दिलं. जे उरलं ते तुझ्या डाव्या बुटाच्या टाचेसाठी आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. परत पाठवायचे असतील तर पाठव, पण ह्या वेळी तुझ्या अक्षरात. आठशे चाळीस पाठवतोय.